माळ्यावरचं सूत

'खाण तशी माती' ही म्हण कोणी काढली ते वेणूबाईला ठाऊक नव्हतं. पण तो माणूस कधी समोर आला असता, तर तिनं त्याला हातातल्या मासळीच्या टोपलीनं बडवला असता. कान्हाला तिनं पदराखाली घेतला त्या दिवसापासून ही म्हण तिच्या पाठीस लागली होती. पोरानं मडकं फोडलं की म्हण. पोरगं कोणाला चावलं की म्हण. बाजारात बोंबलाचा भाव करता करता एखादी म्हातारी कान्हाकडे बघायची, मान हलवायची आणि पुटपुटायची, आणि काय पुटपुटली ते वेणूबाईला ऐकायची गरजच नसायची.

कान्हा हा तिच्या थोरल्या दिराचा, काळूरामचा मुलगा. किहीमच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात राग म्हटला की काळूरामचंच नाव निघे. जाळ्याचे खुंट कोणी कुठे रोवायचे यावरून एकदा भर समुद्रात तंटा झाला, आणि यानं वल्हं उचलून शेजारच्या होडीतल्या माणसाच्या डोक्यात घातलं. तो बिचारा किनारा गाठेपर्यंतही जगला नाही. काळूराम तुरुंगात गेला आणि तिथंच तापानं मेला. बायको आधीच माराला कंटाळून माहेरी निघून गेली होती, पुढे तिनं दुसरा घरोबा केला. पोरगं राहिलं काका-काकीच्या दारात. वेणूबाईची कूस उजवली नव्हती. तिनं त्याला उचललं, नाक पुसलं, वाटीभर पेज पाजली आणि विषय संपला असं तिला वाटलं. पण असे विषय कुठे संपतात हो.

पोरानं बापाचं तोंड आणलं होतं, आणि तोंडाबरोबर डोकंही. राग आला की डावी भुवई वर चढायची, ओठ पांढरे पडायचे, आणि मग समोर माणूस आहे की भिंत ते त्याला दिसायचं नाही. शेजारच्या सदानं एकदा त्याचा भोवरा घेतला, तर यानं त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की वण अजून आहे. वेणूबाईनं आपल्या परीनं सगळं केलं. एकवीरेला नवस बोलली, दृष्ट काढली, चिंबोरीचं कालवण करून पुढ्यात ठेवलं, रात्र रात्र मांडीवर घेऊन थोपटलं.

तिचा नवरा तुकाराम, तो मात्र यातलं काही करायचा नाही. पोरगं बिथरलं की त्याला दंडाला धरून ओटीवर बसवायचा, हातात सूत कातायची लाकडी चाती द्यायचा, शेजारी तागाची एक जुडी टाकायचा. म्हणायचा, "ही सरेतवर उठायचं न्हाय, बोलायचं न्हाय." आणि स्वतः दुसरी चाती घेऊन बाजूला बसायचा. सुरुवातीला पोरगं चाती भिरकावून द्यायचं. तुकाराम उठायचा, आणून पुन्हा हातात द्यायचा. मारणं नाही, ओरडणं नाही. वेणूबाईला त्याचा भारी राग यायचा. "येवढ्याशा पोराला कामाला काय जुंपता?" ती म्हणायची. तुकाराम आपला ताग ओढत बसे.

तुकारामाचा स्वभावच तसा, सांबासारखा. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता, हात तर दूरच. कोळीवाड्यात याचाही हिशेब लोकांनी लावून ठेवला होता. तुकाराम जन्मला नि त्याची आई गेली, म्हणून तो मांडव्याला मामाकडे वाढला. काळूराम बापाजवळ राहिला. आणि तो म्हातारा म्हणजे काय सांगावं, ओल्या दोरानं पोराला होडीच्या डोलकाठीला बांधून फोडायचा. पण लोक दोराचं बोलत नसत. लोक म्हणत, थोरला बापाच्या रक्तावर गेला, धाकटा आईच्या. रक्ताचे सरळ दोन वाटे झाले. वेणूबाईलाही हे पटलं होतं. आपल्या वाट्याला चांगला वाटा आला म्हणून ती देवीचे आभार मानायची आणि चारचौघींत मिरवायचीही. "तुमचे नवरे माडी प्यायला बसतात गो, माझा सूत कातायला बसतो." आणि खरंच, माळ्यावर सुताचे इतके गुंडे साठले होते की अर्ध्या कोळीवाड्याची जाळी त्या सुतानं सांधली जायची.

तर असा हा कान्हा आता जवान झाला होता. मिठाच्या सत्याग्रहाला दोन-तीन वर्षं लोटली होती, गावोगाव पोरं टोप्या घालून हिंडत होती, पण कान्हाला त्याचं वेड नव्हतं. तो होडीवर काकाच्या जागी उभा राहू लागला होता. भुवई अजून चढायची, पण हात उठल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आणि थळच्या आवडाबाईची रतन त्याच्यावर लुब्ध झाली होती. बाजारात दोघींच्या टोपल्या शेजारी शेजारी असायच्या, म्हणजे वेणूबाईची आणि रतनची, आणि ही पोरगी रोज धावत येऊन आपली टोपली का उतरवून घेते ते वेणूबाईला उशिरा कळलं.

आवडाबाई विधवा बाई, एक मुलगा रावजी आणि एक मुलगी. तिनं पुष्कळ दिवस ताणलं. "पोर्‍या चांगला हाय, पन त्याचा बाप," असं म्हणून ती टोपली उचलायची. शेवटी रतननं जेवण सोडलं तेव्हा तिनं मान डोलावली.

आता त्या कोळीवाड्यात एक रीत होती. सोयरीक तोंडानं ठरत नसे. नवरीच्या भावानं नवऱ्याच्या होडीवर यायचं, आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, स्वतःच्या हातानं नारळ फोडायचा. नारळ फुटला की सोयरीक पक्की. भाऊ नारळ तसाच घेऊन परत गेला, तर त्या नवऱ्याला पुन्हा आसपासच्या कुठल्याही कोळीवाड्यात मुलगी मिळणं कठीण. हे वेणूबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रावजी नारळ घेऊन यायचा त्या दिवशी सकाळी तिनं होडीची नाळ दोनदा धुऊन काढली.

पाहुणे दुपारी आले. अंगणात माडाच्या झापांचा मांडव, बायका आत, पुरुष बाहेर. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण एका बाजूला बसून गात होती. कान्हा कोयत्यानं शहाळी फोडून पाहुण्यांना देत होता, आणि नवी टोपी त्याला जरा घट्ट होत होती. सगळं कसं छान चाललं होतं. पण रावजी येतानाच माडी पिऊन आला होता, आणि मांडवात त्याला आणखी मिळाली. तसा तो वाईट माणूस नव्हता. ज्याच्या त्याच्या पोटात असतं ते माडी बाहेर काढते, एवढंच.

कान्हानं त्याच्यापुढे शहाळं धरलं. रावजीनं ते घेतलं नाही. त्याच्या हातातल्या कोयत्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोयता दिलाव व्हय याच्या हातात? आनि होडीवरची वल्ही लपवून ठेवलीव का न्हाय? बापाला वल्हं पुरलं होतं."

धवलारीण गाता गाता थांबली. वेणूबाई दारातच उभी होती, तिनं ते ऐकलं. तिनं कान्हाच्या तोंडाकडे बघितलं. डावी भुवई वर गेली होती. ओठ चुन्यासारखे पांढरे झाले होते. हातातलं शहाळं त्यानं हळूच खाली ठेवलं. कोयता ठेवला नाही. वळला आणि मांडवातून निघून गेला, समुद्राच्या बाजूला.

मग पाच-सहा जण एकदम बोलू लागले. म्हातारे रावजीला रागे भरू लागले, कोणी त्याला पाणी दिलं, कोणी विषय बदलला. वेणूबाई आत गेली, चुलीवरचा भात उतरवला, परत बाहेर आली. एवढ्यात बघते तर रावजीची जागा रिकामी. आणि आपला नवरा, तोही कुठे दिसेना.

"रावजी कुठं गेला?" तिनं विचारलं.

"त्याच्याच मागं गेला," सदा म्हणाला. "म्हनाला, बघतो त्याला."

वेणूबाई डोक्यावर पदर घेऊन तशीच निघाली. मागून कोणीतरी चालतंय असं वाटलं म्हणून वळून बघितलं, तर आवडाबाई. दोघी वाळूवर उतरल्या. ऊन तिरपं झालं होतं, भरती नुकती ओसरू लागली होती, आणि बोंबील सुकत टांगलेल्या वलांड्यांच्या दांड्यांखालून वाकून वाकून जावं लागत होतं.

"माजा एकच पोर्‍या हाय," आवडाबाई म्हणाली.

"माजा पन येकच हाय," वेणूबाई म्हणाली.

आणखी थोडं चालल्यावर आवडाबाईचा बांध फुटला. ती म्हणाली, मी आधीच म्हणत होते, ती पोरगी ऐकेना, त्याच्या रक्तातच ते आहे, त्याला तू काय करणार गो, तू तरी काय करणार. वेणूबाई एरवी असल्या बोलण्याला तोंडावर उत्तर देणारी बाई. पण आज ती नुसती भराभर पाय उचलू लागली. कारण मांडवात कान्हाचे ओठ पांढरे झाले तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं? तीच म्हण. जन्मभर जिच्यावर ती दातओठ खात आली, तीच. सगळी पेज, सगळे नवस, सगळं थोपटणं वाया गेलं असं तिला वाटलं आणि चालता चालता तिला रडू आलं. त्याला फाशी झाली तर आपण काय करायचं, हा विचार तिनं केला आणि लगेच टाकला. मग पुन्हा केला.

त्यांची होडी टोकाला, उंडीच्या झाडाखाली ओढून ठेवलेली होती. होडीच्या या बाजूला कोणी नव्हतं. वाळूत पावलं मात्र होडीच्या मागे गेलेली दिसत होती. आवडाबाईनं वेणूबाईचा हात धरला. दोघींनी मिळून होडीला वळसा घातला.

आणि दोघी जागच्या जागी थांबल्या.

कोयता होडीच्या लाकडात रुतवून ठेवला होता. जवळच एका खुंटापाशी कान्हा बसला होता, नवी टोपी मांडीखाली गेलेली, आणि लाकडी दांडक्यानं तागाच्या पदरांना पीळ देत होता. तो पीळ घेतलेला दोर वाळूवरून ताठ लांब गेला होता, आणि त्याच्या पार दुसऱ्या टोकाला रावजी उभा होता. दोन्ही हातांनी टोक धरून, पाय वाळूत रोवून, घामानं निथळत. माडी तर कुठल्या कुठे उतरली होती. जुन्या जाळ्यांच्या ढिगावर तुकाराम बसून तागाच्या जुड्या सोडवत होता, जणू काही घरी ओटीवरच बसला आहे.

"रावजी," आवडाबाईनं हाक मारली.

"आये, बोलू नको," रावजी दबक्या आवाजात म्हणाला. "सैल सोडलं तर पीळ सुटतो."

झालं होतं ते असं. रावजी तावातावानं मागून आला होता, आणखी चार शब्द ऐकवायला. कान्हानं मान वर केली नव्हती. तागाचं एक टोक त्याच्यापुढे फेकलं होतं आणि एवढंच म्हणाला होता, "हे धर. दोर पुरा झाला की मग काय ते बोल." आता कोळी माणसाच्या हातात कोणी दोराचं टोक दिलं की तो ते टाकत नाही. रावजीनं धरलं. मग तो अडकला. दोर वळताना मधेच टोक सोडणं म्हणजे दुसऱ्याचं सगळं काम मातीत घालणं, तेवढी लाज त्याला माडीतही होती. सुरुवातीला तो बडबडला. कान्हा पीळ देत राहिला. मग रावजीचे हात भरून आले, मग तो गप्प झाला, आणि गप्प झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला हळूहळू आठवलं.

दोर पुरा झाला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. कान्हानं गाठ मारली, उठला, अंग झटकलं. ओठांचा रंग परत आला होता. "बोल आता," तो म्हणाला.

रावजीनं तळवे बघितले. लाल झाले होते. "काय बोलू," तो म्हणाला. "चुकलं माजं." मग दोरावरून बोट फिरवून, "चांगला वळतोस. येवढा घट्ट पीळ मी कवा बघितला न्हाय."

वेणूबाई मटकन वाळूत बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. आवडाबाई तिच्या शेजारी बसली आणि तिनं आपल्या ओटीतला नारळ काढून रावजीच्या हातात दिला. तो ती दुपारभर कमरेला सांभाळत फिरत होती. रावजी होडीच्या पुढे गेला. हात दुखत होते, म्हणून पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. पाणी नाळेवरून खाली वाळूत गेलं. सोयरीक पक्की झाली.

पाहुणे दिवेलागणीला गेले. जाताना रतनचं नाव निघालं तेव्हा कान्हाचे कान लाल झाले, ते सगळ्यांनी पाहिलं. कान्हा मांडव उतरवायला लागला, आणि वेणूबाई ओटीवर तुकारामाजवळ येऊन बसली. दिवसभराचा थकवा आता तिला गोड लागत होता.

"तुमाला भ्या न्हाय वाटलं?" तिनं विचारलं. "कोयता घेऊन गेला तो. मी तर मेले व्हते."

"वाटलं," तुकाराम म्हणाला. "म्हनून तर ताग घेऊन मागं गेलो. पन तो आधीच होडीतला जुना ताग घेऊन बसला व्हता."

"माज्या मनात आलं, बापाचं रक्त शेवटी वर आलं."

तुकारामानं कोपऱ्यातली चाती नि तागाची जुडी जवळ ओढली. मग म्हणाला, "रक्त हाय की. न्हाय कोन म्हनतो? माज्यात पन हाय."

वेणूबाईला वाटलं तो थट्टा करतोय. पण तुकाराम थट्टा करणारा माणूस नव्हता.

"मांडव्याला असताना मामाच्या पोरावर मी सुरी उगारली व्हती," तो सांगू लागला. "मासा कापायची. डोळ्यांपुढं निसता अंधार. मामानं सुरी काढून घेतली. मना वाटलं आता चामडी लोळवनार. त्यानं चाती दिली हातात. म्हनाला, सरेतवर उठायचं न्हाय. मग जवा जवा डोकं फिरलं, तवा तवा चाती. इकडं दादाचं डोकं फिरलं की बाबा दोर काढायचा. आमी दोघं एका आईचे, एका बापाचे. डोकं तेच. दादाला दोर पाठीवर मिळाला, मना हातात मिळाला. येवढाच फरक."

वेणूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस. इतकी वर्षं शेजारी निजलेला. ज्याला ती सांब म्हणत आली, तो काळूरामचाच भाऊ होता, डोक्यासकट. आणि ज्या पोराला आपल्या पेजेनं आणि नवसानं सुधारलं असं ती समजत होती, त्याला यानं चुपचाप आपल्या शेजारी बसवून आपलं औषध दिलं होतं. तिची पेज वाया गेली नव्हती, ते तिलाही कळत होतं. रागावलेल्या पोराला चाती द्यायची तर ते पोरगं आधी पोटभर जेवलेलं आणि कोणाचं तरी असावं लागतं. पण चाती यानं दिली होती.

आणि मग तिला दुसरंच काही सुचलं. तिनं हळूच मान वर केली आणि माळ्याकडे बघितलं. गुंड्यांवर गुंडे. आढ्यापर्यंत.

"अवो," ती म्हणाली, "म्हंजे हे सगळं."

तुकाराम अंगणाकडे बघू लागला.

"मी न विचारता पितळेचा हंडा भावाला दिला, त्या दिवशी तुमी रात्रीपर्यंत कातत बसला व्हताव. मी बाजारात सांगितलं, माजा घरधनी किती कामाचा."

"व्हय," तुकाराम म्हणाला.

"आनि तो कोपऱ्यातला मोठा गुंडा? त्याच्यात तर जाळं व्हईल."

तुकारामानं घसा साफ केला. "तुजी आई पावसाळाभर राहिली व्हती ना."

अंगणात कान्हा झापं उतरवता उतरवता खोकल्यासारखं काहीतरी करू लागला. वेणूबाईला आधी हसू आलं. आईचा गुंडा. पण हसता हसता तिला काय काय आठवत गेलं. चारचौघींत मारलेल्या बढाया आठवल्या. आपला नवरा रागावतच नाही म्हणून आपण बिनधास्त केलेल्या कितीतरी गोष्टी आठवल्या. आणि हा पठ्ठ्या एका शब्दानं बोलला नाही. सगळं माळ्यावर नेऊन ठेवलं, आणि आपण वर तेच सूत शेजारणींना वाटत बसलो. तिचे कान तापले. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याचा.

"काय झालं?" तुकारामानं विचारलं.

वेणूबाईनं हात पुढे केला. "द्या इकडं ती चाती," ती म्हणाली.

तिला कातायची सवय नव्हती. सूत कुठे बोटाएवढं जाड येत होतं, कुठे तुटत होतं. तुकाराम काही सांगायला पुढे झाला.

"बोलू नका," ती म्हणाली. "ही जुडी सरू द्या."

तुकारामानं मान डोलावली, आणि जुडी मोठी होती म्हणून दिव्याची वात थोडी वर सारून तो तिच्या शेजारी बसला.